काचपेटीतील समुद्र

चंडीगड हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याचे नगर. समुद्र तेथून सुमारे हजार किलोमीटर दूर. तेथील जलवैभव म्हणजे १९५८ साली सुखना चो नावाच्या ओढ्याला बांध घालून निर्माण केलेले सुखना सरोवर. अशा नगरात कोणा हौशी गृहस्थाने दिवाणखान्यातील काचपेटीत प्रवाळ जगवायचे मनात आणले, तर त्याला प्रथम समुद्रच घडवावा लागेल.

प्रवाळ दगडासारखा दिसतो. पण तो प्राणी आहे. अंगठीतील तांबडे पोवळे ज्याचे, तो त्याचा दूरचा आप्त. कठीण प्रवाळाचे इवलेसे जीव पाण्यातील चुना घेऊन आपल्याखाली पाषाणाचे घर रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. पाणी नेहमीपेक्षा एकदोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी हा संसार मोडतो. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि पाणी लवकर निवले नाही तर उपासमारीने मरतो.

म्हणून काचपेटीतील पाणी सुमारे २५ अंश सेल्सिअसवर राखावे लागते. त्यात हजार भागांमागे ३५ भाग क्षार आणि लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. चंडीगडच्या उन्हाळ्यात तर पारा चाळिशी ओलांडतो. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे उरते. तेव्हा भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची. वीज काही तास गेली, की प्रवाह थांबतो, प्राणवायू घटतो आणि कित्येक महिन्यांची वाढ धोक्यात येते.

परंतु ही हौस कायद्याच्या उंबरठ्यावरच अडते. २००१ साली कठीण प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात झाला आणि हा चिमुकला जीव वाघाच्या पंक्तीला बसला. आपल्या समुद्रातून त्याची फांदी तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे. ते योग्यच होय. कारण गोलाकार प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो.

प्रवाळाची खरी निगा त्याच्या घरीच राखायची असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. तेथे पाण्यात उतरणाऱ्याने प्रवाळावर पाय ठेवू नये, नाविकाने त्यावर नांगर टाकू नये, एवढे पथ्य तरी पाळता येईल. काचपेटीला शीतयंत्र जोडता येते. अरबी समुद्राला ती सोय नाही.