मूलपेशी आणि एक्झोसोम : आशा, विज्ञान आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार आपल्या परंपरेने सांगितले आहेत. त्यांपैकी औषधदानाचे व्रत समाजाच्या वैद्यकीय मदतनिधीने आजवर श्रद्धेने सांभाळले. अलीकडे मात्र मदतीच्या अर्जांत ‘स्टेम सेल थेरपी’ हा नवा शब्द दिसू लागला आहे. कुणाच्या झिजलेल्या गुडघ्यासाठी, कुणाच्या पक्षाघातासाठी, तर कुणाच्या स्वमग्न नातवासाठी हा उपचार सुचविलेला असतो. खर्च लाखांच्या घरात जातो आणि कुटुंब दागिने मोडण्याच्या तयारीत असते. अशा वेळी औषधदानाला शास्त्रज्ञानाची जोड नसेल, तर दात्याचा पैसा आणि रुग्णाचा वेळ दोन्ही वाया जाण्याचा धोका संभवतो. म्हणूनच या विषयाचा परामर्श घेणे अगत्याचे ठरते.

मानवी देहातील बहुतेक पेशींचे काम ठरून गेलेले असते. त्वचेची पेशी त्वचेचे काम करते, यकृताची पेशी यकृताचे. मूलपेशीचे तसे नसते. ती स्वतःसारख्या पेशी निर्माण करू शकते आणि गरजेनुसार तिच्यापासून विशिष्ट कामाच्या पेशीही घडतात. ठाणावरचे न बेतलेले कापड जसे सदऱ्यालाही लागते आणि झब्ब्यालाही, तशी ही अवस्था. एकदा सदरा बेतला की त्याचा झब्बा होत नाही. तथापि सगळ्याच मूलपेशींना सारखी मुभा नसते. अस्थिमज्जेतील रक्तमूलपेशी रक्ताचे सर्व घटक घडवितात; मेंदू घडविणे हे त्यांचे काम नव्हे. जाहिरातींत नेमका हाच भेद पुसून टाकलेला आढळतो.

या शास्त्राचा पाया कॅनडातील टोरांटो येथे टिल आणि मॅकलॉक या संशोधकांनी १९६१ साली रक्तमूलपेशींचे अस्तित्व सिद्ध करून घातला. अमेरिकेचे डॉ. डॉनल थॉमस यांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या कार्यासाठी १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया अशा विकारांत हा उपचार आज सर्वमान्य आहे. डोळ्याच्या बुबुळाकडेच्या मूलपेशी वापरून दृष्टी परत मिळवून देण्याचे कार्य हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने मोठ्या प्रमाणावर केले आहे. भाजल्याने किंवा चुन्यासारख्या दाहक पदार्थाने डोळा गेलेल्यांना त्याचा लाभ झाला.

१९९८ साली मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या करण्यात यश आले. परंतु त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागत असल्याने जगभर नैतिक वाद उभा राहिला. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्यांना तर हा प्रश्न जिव्हारी लागणारा होता. त्यावर जपानच्या डॉ. शिन्या यामानाका यांनी वेगळीच वाट शोधली. २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या प्रौढ पेशीत केवळ चार जनुके कार्यान्वित करून त्यांनी ती पेशी मूलावस्थेत परत नेली. भ्रूणाची आवश्यकताच उरली नाही. २०१२ च्या नोबेल पारितोषिकाने या शोधाचा गौरव झाला.

आता एक्झोसोमकडे वळू. पेशी आपल्यातून अतिसूक्ष्म पुटके बाहेर सोडतात. त्यांचा आकार साधारणतः ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान असतो. १९८३ साली मेंढीच्या अपक्व रक्तपेशींचा अभ्यास करताना संशोधकांना ती दिसली, तेव्हा पेशीने बाहेर टाकलेला केर म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले. पुढे २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले की या पुटकांतून आरएनएच्या रूपाने संदेशही एका पेशीकडून दुसरीकडे जातात. मूलपेशी जर कारागीर मानली, तर एक्झोसोम ही तिने धाडलेली चिठ्ठी होय. कारागीर न बोलावता केवळ चिठ्ठीवर दुरुस्ती होईल काय, हा आजच्या संशोधनाचा विषय आहे. प्रश्न मोठा आशादायक आहे. परंतु चिठ्ठीत नेमके काय लिहिले आहे, मात्रा किती द्यावी आणि प्रत्येक कुपीत तोच माल कसा राखावा, याची उत्तरे अद्याप पक्की झालेली नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकाही एक्झोसोम उत्पादनास उपचार म्हणून मंजुरी दिलेली नाही. उलट नेब्रास्का राज्यात अशा विनामंजुरी उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर अपाय झाल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये जनतेला जाहीर इशारा द्यावा लागला. केस उगवणे आणि तारुण्य परत आणणे यांसाठी सुईवाटे एक्झोसोम देऊ पाहणाऱ्यांकडे जाण्यापूर्वी एवढे स्मरणात असावे.

“स्वतःच्याच पेशी आहेत, अपाय होणारच नाही,” असे सांगितले जाते. २०१७ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात फ्लोरिडातील तीन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या. उपचारासाठी त्यांनी पैसेही मोजले होते. थोडीफार शाबूत असलेली दृष्टीही त्या गमावून बसल्या.

आपल्या देशातील नियम स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तमूलपेशींचे मान्य प्रत्यारोपण सोडता अन्य उपयोग संशोधन समजून रीतसर चाचणीतच केले पाहिजेत. स्वमग्नतेवर मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळविले. याच वर्षी गुडघ्याच्या संधिवातासाठी बंगळुरूच्या एका कंपनीच्या मूलपेशी औषधास चाचण्यांअंती देशात मंजुरीही मिळाली. म्हणजे दार बंद नाही, मात्र ते पुराव्याच्या किल्लीनेच उघडते. अनेकान्ताची शिकवण लाभलेल्या समाजाने सरसकट स्वीकार आणि सरसकट नकार ही दोन्ही टोके टाळावीत.

व्यवहारात काही प्रश्न अवश्य विचारावेत. या आजारासाठी या औषधाला औषध महानियंत्रकांची मंजुरी आहे काय? चाचणी म्हणत असतील, तर तिचा भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीतील क्रमांक कोणता? चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून औषधाचे पैसे घेऊ नयेत असा दंडक आहे; तेव्हा लाखोंचे बिल कशाचे? अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी मिळेल काय? आणि एकच इंजेक्शन गुडघा, मधुमेह व स्मृतिभ्रंश सर्वांवर कसे चालते? मालाचा नमुना पाहिल्याविना गाठोडे न उचलणाऱ्या समाजाला हे प्रश्न अवघड वाटू नयेत.

बाळाच्या नाळेतील रक्त भारी शुल्क भरून खाजगी पेढीत साठविण्याचा आग्रहही तपासून घ्यावा. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारात बाळाच्या स्वतःच्या नाळरक्तातही तोच दोष असतो. भविष्यातील स्वतःच्या उपयोगासाठी अशा साठवणीची शिफारस संशोधन परिषद करीत नाही.

जैन श्रावकाने विचारावा असा आणखी एक प्रश्न आहे. प्रयोगशाळेत मूलपेशी वाढविण्यासाठी अनेकदा गायीच्या गर्भातील वासराच्या रक्तापासून मिळविलेले सीरम वापरतात. ते कत्तलखान्यांतून येते. मानवी रक्तबिंबिकांपासून केलेला अर्क किंवा सीरमविरहित माध्यम हे पर्याय आज उपलब्ध आहेत. दाते आणि रुग्ण यांनी आवर्जून विचारणा केली, तर या पर्यायांना बळ मिळेल.

शेवटी कर्तव्याचा विचार. ज्या उपचाराबद्दल शंका नाही, त्यासाठी दाते अपुरे पडतात. सख्ख्या भावंडांची पेशी जुळण्याची शक्यता चारांत एक असते. बाकीच्यांना अनोळखी दात्याची वाट पाहावी लागते आणि जुळणी वंशपरंपरेवर अवलंबून असल्याने भारतीय रुग्णाला भारतीय दाता मिळण्याची आशा अधिक. नोंदणीसाठी गालाच्या आतील बाजूचा नमुना पुरतो. जुळणी झाल्यास काही दिवस इंजेक्शने घेऊन, रक्तदानासारख्याच पद्धतीने, काही तासांत मूलपेशी देता येतात. शरीर त्या पुन्हा भरून काढते. यात कोणत्याही जीवाची हानी नाही आणि एका जीवाला अभय मिळते. औषधदान व अभयदान येथे एकत्र येतात.

सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील युवक-युवतींनी दातानोंदणीचा संकल्प करावा आणि मदतनिधीने अर्जांच्या छाननीसाठी तज्ज्ञ डॉक्टरांचे सल्लागार मंडळ नेमावे, अशी नम्र अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होते. जय जिनेंद्र!