दप्तराचे ओझे आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तंजावूरच्या राजवाडा परिसरात भरलेल्या कुटुंबमेळाव्यात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे, असा संकेत आहे. त्यातून आपण जमलो आहो ते या राजवाड्याच्या सावलीत. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे मराठी राज्य नांदले. पलीकडेच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तेव्हा इतिहासावर किंवा संस्कृतीवर मी चार शब्द बोलेन, अशी आपली अपेक्षा असल्यास ती अवाजवी नाही. परंतु काल सकाळी मी येथून जात असताना शाळेला निघालेली मुले पाहिली आणि मनात योजलेले भाषण बाजूला ठेवले. तेरा-चौदा वर्षांची ती मुले पुढे झुकून, मान बाहेर काढून चालत होती. एका मुलीने पाठीवरचे दप्तर क्षणभर ओट्यावर टेकवले, खांदे चोळले आणि पुन्हा पट्टे चढवले. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. हे असेच असायचे, असे तिने मानून घेतले होते. मला खटकले ते हेच. म्हणून आज मी दप्तराविषयी बोलणार आहे.

प्रथम एक कबुली देतो. मी जन्मभर शिक्षक होतो. वही विसरलेल्या मुलाला मी वर्गाबाहेर उभे करीत असे. त्यात शिस्त आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटे. त्या शिस्तीचे वजन किती, हे मला निवृत्तीनंतर कळले, आणि तेही माझ्याच घरात.

माझी नात आठवीत होती. संध्याकाळी ती मान एका बाजूला धरून बसे. विचारले तर म्हणे, ‘काही नाही, आजोबा.’ एके दिवशी मी तिचे दप्तर उचलायला गेलो, तो माझाच हात खाली ओढला गेला. शेजारच्या रद्दीवाल्याकडून काटा आणला आणि एकेक वस्तू तोलली. रिकामे दप्तर ८०० ग्रॅम, भरलेली पाण्याची बाटली १ किलो १०० ग्रॅम, डबा ६०० ग्रॅम, कंपासपेटी आणि इतर किरकोळ साहित्य ३०० ग्रॅम, सात पुस्तके २ किलो ४०० ग्रॅम, सहा वह्या २ किलो १०० ग्रॅम. एकूण भरले ७ किलो ३०० ग्रॅम. मुलीचे वजन ४१ किलो. म्हणजे आपल्या वजनाच्या जवळजवळ अठरा टक्के भार ती रोज वाहत होती. सत्तर किलोच्या गृहस्थाने साडेबारा किलोचे गाठोडे पाठीवर घेऊन कचेरीत जावे आणि तेच घेऊन परतावे, तसा हा प्रकार झाला. आपल्यापैकी किती जण तो आठवडाभर सोसतील?

मी तिला विचारले, ‘यांतले उद्या काय काय लागणार?’ ती म्हणाली, ‘वेळापत्रकाप्रमाणे निम्मे. पण आजोबा, बाई ऐन वेळी कोणती वही मागतील ते कोणाला ठाऊक? सगळे नेलेले बरे.’ त्या उत्तराने मी वरमलो. दप्तरात पुस्तकांच्या जोडीला भीतीही भरलेली असते, आणि ती भरणाऱ्यांत माझ्यासारखे शिक्षक होते.

हा प्रश्न आपल्या घरापुरता नाही, आणि आजचाही नाही. थोर कादंबरीकार आर. के. नारायण राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. १९८९ मध्ये त्या सभागृहात बोलताना त्यांनी शाळकरी मुलांच्या पाठीवरचे ओझे हाच विषय घेतला होता. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. पाठीवरच्या भारापेक्षाही न समजलेल्या अभ्यासाचा भार अधिक घातक आहे, हे त्या अहवालाचे मर्म होते. २००६ मध्ये दप्तराच्या वजनावर मर्यादा घालणारे एक विधेयक राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये निर्णय काढून विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्के ही मर्यादा ठरवली. तरीही २०१६ मध्ये चंद्रपूरच्या दोन शाळकरी मुलांनी पत्रकार परिषद बोलावून आपल्या दप्तराचे गाऱ्हाणे मांडले. मोठ्यांनी काढलेला आदेश वर्गापर्यंत पोहोचला नाही, हे सांगण्यासाठी मुलांना पत्रकारांपुढे बसावे लागले! आपल्या या तमिळनाडूत २०१२-१३ पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी त्रिसत्र पद्धती सुरू करण्यात आली. वर्षाचे पुस्तक तीन भागांत विभागून त्या त्या सत्राचा भागच मुलाने न्यावा, हा तिचा एक हेतू होता. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडून पाहिली आणि २०२५ च्या आरंभी तो प्रयोग थांबवला. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर-धोरणातही पहिली ते दहावीसाठी दहा टक्क्यांचीच मर्यादा आहे. आठवीच्या मुलासाठी अडीच ते चार किलो, नववी-दहावीसाठी अडीच ते साडेचार आणि अकरावी-बारावीसाठी साडेतीन ते पाच किलो, असे तिचे कोष्टक आहे. शाळेत वजनकाटा असावा, पिण्याचे चांगले पाणी असावे, असेही त्यात म्हटले आहे.

आता या वयाविषयी थोडे. बारा ते सोळा या वर्षांत मुलांची उंची झपाट्याने वाढते. मुलींची वाढ थोडी आधी होते, मुलांची नंतर. हाडे लांबत असतात आणि त्यांना धरून ठेवणारे स्नायू मात्र त्या वेगाने बळकट झालेले नसतात. अशा वेळी पाठीवर जड भार आला की शरीर तोल सावरण्यासाठी पुढे झुकते आणि मान आणखी पुढे जाते. मग खांदे, मान आणि कंबर दुखू लागते. दप्तर एकाच खांद्यावर टाकले की एक बाजू ताणली जाते. येथे अतिशयोक्तीही करू नये. दप्तराने पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, असे काही जण सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. मुलांना भेदरवून सोडण्याचे कारण नाही. मात्र दुखणे खरे असते, आणि रोजच्या दुखण्याने अभ्यासावरचे, खेळावरचे मन उडते. हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा वाटत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, किंवा दप्तर उतरवल्यावरही दुखणे राहत असेल, तर घरगुती तेल चोळीत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

घरी आपण काय करू शकतो? माझ्या नातीने आणि मी केले ते सांगतो. रात्री जेवणानंतर दप्तर पूर्ण रिकामे करायचे आणि वेळापत्रक पाहून तिनेच ते भरायचे. मी नुसते शेजारी बसायचे. तीन पुस्तके आणि तीन वह्या घरी राहिल्या, दोन किलो उतरले. तंजावूरच्या उन्हात पाणी कमी प्या, असे कोणी सांगू नये. पण शाळेतले पाणी चांगले आहे, याची आम्ही खात्री करून घेतली आणि बाटली अर्धी भरून न्यायची, शाळेत पुन्हा भरायची, असे ठरवले. आणखी अर्धा किलो गेला. दप्तर ४ किलो ८०० ग्रॅमवर आले. मर्यादेपेक्षा ते अजूनही जास्तच होते, पण पंधरवड्यात मान धरून बसणे थांबले.

भरण्याचीही रीत आहे. जड पुस्तके पाठीला लागून, हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूस. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर, रुंद आणि मऊ, आणि असे ओढलेले की दप्तर कमरेखाली लोंबणार नाही. उचलताना कमरेतून वाकू नये, गुडघे वाकवावेत. काटा नसला तरी अडत नाही. मुलाने एकदा दप्तरासह आणि एकदा दप्तराविना वजनयंत्रावर उभे राहावे. वजाबाकी त्यालाच करू द्यावी.

‘त्यालाच’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. या वयाच्या मुलाला हुकूम केला की तो नेमके उलटे करतो. एका खांद्यावर दप्तर टाकणे ही त्यांच्यात ऐट समजली जाते. ‘कुबड येईल’ म्हणून ओरडण्यापेक्षा काटा त्याच्या हाती द्यावा. आकडा त्याने स्वतः वाचला की निम्मे काम होते. मुले दुखणे लपवतात, कारण ते सांगितले तर आपण दुबळे ठरू, असे त्यांना वाटते. त्यांनी सांगितले, तर ‘आमच्या वेळी आम्ही चार मैल चालत जात होतो’ हे वाक्य कृपा करून उच्चारू नये. आपण चाललो खरे, पण आपल्या पिशवीत एक पाटी आणि दोन पुस्तके होती.

जे घरी उरकत नाही, ते शाळेकडे न्यावे. एकट्या पालकाने गेले तर तक्रार वाटते. दहा पालक नम्रपणे गेले तर ती सूचना ठरते. जोड तासिका ठेवता येतील का, एका बाकावरच्या दोघांनी एक पुस्तक आणले तर चालेल का, वर्गात एखादे कपाट मिळेल का, आणि मुख्य म्हणजे वही विसरल्याची शिक्षा थांबेल का, एवढेच विचारावे. या शेवटच्या मागणीला पैसा लागत नाही. ती मान्य झाली तर माझ्या अनुभवाने दप्तर सर्वांत जास्त हलके होते.

शेवटी आपल्या घरातले एक दप्तर. आपल्यापैकी काही घराणी तीन-साडेतीन शतके येथे आहेत, तर काही जण बँकेच्या, रेल्वेच्या किंवा हवाई दलाच्या बदलीवर काल-परवा आले. आपली मुले शाळेत तमिळ शिकतात, इंग्रजी शिकतात, कोणी हिंदी, कोणी संस्कृत. मराठी घरात उरते. ती टिकावी म्हणून मी काही वर्षे रविवारी मुलांचा वर्ग घेतला. प्रत्येकाने तीन वह्या आणाव्यात, एक शुद्धलेखनाची, एक निबंधाची, एक पाठांतराची, असा माझा नियम होता. वर्ग चौदा मुलांनी सुरू झाला आणि वर्षअखेर तिघांवर आला. एका मुलाची आई म्हणाली, ‘सहा दिवस तो ओझे वाहतो, सातव्या दिवशी तुम्ही दुसरे देता.’ मला राग आला होता. आज वाटते, ती माउली बरोबर होती. मराठीवरचे माझे प्रेम मी मुलांच्या पाठीवर लादले होते.

याच नगरीत सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना घातला, आणि १८०६ मध्ये येथे छापलेल्या मराठी पुस्तकांत ‘बालबोधमुक्तावली’, म्हणजे इसापच्या गोष्टी, होती. कोल्ह्या-लांडग्यांच्या त्या गोष्टी मुलांसाठी मराठीत आणाव्यात, असे त्या विद्वान राजाच्या पदरी असलेल्यांना वाटले. येथील मराठी कीर्तनानेही भाषा घराघरांत पोहोचवली ती कानावाटे. कानावाटे आलेल्या भाषेला वजन नसते. जेवताना सांगितलेली गोष्ट, आजीला लिहिलेले पत्र, सणाच्या दिवशी म्हटलेली आरती यांसाठी दप्तर लागत नाही. माझा रविवारचा वर्ग आता वह्यांविना भरतो. मुले येतात, गोष्ट ऐकतात, आपली गोष्ट सांगतात, भांडतातसुद्धा, आणि भांडतात ती मराठीत!

आपणा सर्वांना एकच विनंती आहे. घरी गेल्यावर आज रात्री मुलाचे दप्तर एकदा स्वतःच्या पाठीवर घ्या आणि जिना चढून या. मग त्याच्याशेजारी बसा. पुढचे बोलणे आपोआप सुरू होईल.