फलाहार आणि मनाचे आरोग्य



‘फराळ’ या शब्दाचे मूळ ‘फलाहार’ आहे. तथापि उपवासाच्या ताटात आज साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर्स यांचेच राज्य असते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. याच्या अगदी उलट टोकाला, केवळ फळांवर राहिल्यास चिंता आणि नैराश्य नाहीसे होते, असा प्रचारही कानी पडतो. या दाव्याची पारख करणे अगत्याचे आहे.

आहाराचा मनावर परिणाम होतो, हे निश्चित. ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या ६७ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळाले, तर दुसऱ्या गटाशी केवळ आपुलकीचा संवाद साधण्यात आला. पहिल्या गटातील सुमारे ३२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ८ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. प्रयोग लहान होता, पण दिशा दाखवणारा होता. मात्र तो आहार फळांबरोबर भाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये, सुकामेवा आणि मासे यांचा होता. शिवाय बहुतेकांचे अन्य उपचारही चालूच होते.

फळांतील तंतूंवर आतड्यांतील उपकारक जीवाणू पोसले जातात. पेरू आणि आवळ्यातून भरपूर क जीवनसत्त्व मिळते, आणि त्याच्या तीव्र अभावी थकवा व उदासी येते. परंतु केळ्यातील सेरोटोनिन थेट मेंदूत पोहोचते, हा समज चुकीचा आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडसर ते ओलांडू शकत नाही.

केवळ फळांवर राहण्यात धोकाही आहे. फळांत ब-१२ जीवनसत्त्व नसते, प्रथिने अत्यल्प असतात आणि लोह, जस्तही पुरेसे मिळत नाही. ब-१२च्या कमतरतेने विस्मरण आणि उदासी येऊ शकते. म्हणजे ज्या दुखण्यावर उपाय शोधायचा, तेच ओढवून घेण्यासारखे हे आहे. मधुमेही व्यक्तीसाठी तर असा प्रयोग अधिकच घातक ठरतो.

खरी चिंतेची बाब वेगळीच आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात चिंता-नैराश्यासारख्या आजारांच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांविना असल्याचे आढळले. ‘लोक काय म्हणतील’ या भयाने दुखणे घरातच झाकले जाते. अशा वेळी सूनबाईला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ‘फळे खा, बरे वाटेल’ असे सांगणे म्हणजे उपचार पुढे ढकलणे होय. उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप व भूक हरपली, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. जीव नकोसा झाल्याचे शब्द कानी आले, तर एक दिवसही थांबू नये. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून उपलब्ध आहे.

घरात ऋतुमानाप्रमाणे पेरू, संत्री, बोरे, जांभळे अवश्य यावीत. ती सर्वांनी एकत्र बसून खावीत आणि त्या वेळी गप्प असलेल्या माणसाची आस्थेने विचारपूस करावी. तथापि डॉक्टरांनी दिलेली औषधे फळांच्या भरवशावर परस्पर बंद करू नयेत.