पिशवीतील सुरी आणि कायदा

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्याने साऱ्या देशाची झोप उडविली. पुढच्याच महिन्यात, २०१३ च्या जानेवारीत, मुंबईत शिवसेनेने स्त्रियांना आत्मरक्षणासाठी लहान चाकू वाटले. पाते आखूड असल्याने कायद्याची आडकाठी नाही, असे त्या वाटपाचे समर्थन करण्यात आले. कित्येकांना ही कल्पना पटली, कित्येकांनी तिची थट्टा केली. परंतु मुलगी रात्री उशिरा घरी परतू लागली म्हणजे तिच्या पिशवीत एखादी सुरी असलेली बरी, असा विचार ज्या घरात एकदा तरी बोलून दाखविला गेला नाही असे घर शहरात विरळाच. तेव्हा आखूड पात्याला कायद्याची आडकाठी नाही हे म्हणणे कितपत खरे, हे एकदा पाहून घेतलेले बरे.

या बाबतीतील मुख्य कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. शस्त्र कशास म्हणावे हे त्यात सांगितले आहे, आणि ती व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी आयुध म्हणून बनविलेली अथवा तशी करून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र, असे तीत म्हटले आहे. म्हणजे 'हे मी कोणास मारण्यासाठी नव्हे, केवळ स्वतःच्या बचावासाठी बाळगतो' या म्हणण्याने ती वस्तू शस्त्र होण्याचे टळत नाही. संरक्षणाचे साधन हेही शस्त्रच होय. उलट, केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू या व्याख्येतून वगळल्या आहेत. लाठी आणि साधी हातकाठी यांचा त्या ठिकाणी नावानिशी उल्लेख आहे. विळी, कोयता, भाजी चिरण्याची सुरी यांनाही याच न्यायाने अभय मिळते.

आता मापाचा प्रश्न. या कायद्याखालील नियमांच्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू घातले आहेत. लोकांच्या तोंडी जो इंचांचा हिशेब असतो तो येथून आलेला आहे. परंतु या मापावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. बंदुकीखेरीज इतर शस्त्रांवर परवान्याची सक्ती करावयाची झाल्यास ती कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या शस्त्रांसाठी, हे राजपत्रातील अधिसूचनेने ठरते. कायद्याच्या ४ थ्या कलमाची तशी योजना आहे. त्यामुळे एका शहरातील निरुपद्रवी चाकू दुसऱ्या शहरात गुन्ह्याचे साधन ठरू शकतो. दिल्लीचेच उदाहरण घ्यावे. १९८० च्या तेथील अधिसूचनेने बटन दाबताच उघडणारे, गरारीचे किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे चाकू बाळगण्यास मनाई केली, आणि तिच्यातील माप आहे ७.६२ सेंटिमीटर लांबी व १.७२ सेंटिमीटर रुंदी. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे अवघे ३ इंच! हिंदी चित्रपटांतील खलनायकांनी ज्यास कीर्ती मिळवून दिली, त्या रामपुरी चाकूचा नातलगच येथे अभिप्रेत असावा.

महाराष्ट्रात याखेरीज आणखी एक कायदा आहे, आणि सामान्य नागरिकाशी त्याचा संबंध अधिक येतो. तो म्हणजे १९५१ चा पोलीस अधिनियम. पूर्वी यास मुंबई पोलीस अधिनियम म्हणत. त्याच्या ३७ व्या कलमान्वये सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटेल तेव्हा पोलीस आयुक्तास किंवा जिल्हाधिकाऱ्यास सुरे, तलवारी, सोटे, काठ्या, लाठ्या, आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास बंदी करता येते. असे आदेश आपल्या मोठ्या शहरांत सणावारांच्या आणि निवडणुकांच्या दिवसांत वारंवार निघत असतात. ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापले जातात आणि बहुधा कोणी वाचीत नाही. या आदेशापुढे इंचांचा हिशेब निरुपयोगी. शस्त्र कायदा वस्तू कशासाठी घडविली हे विचारतो; पोलीस कायदा तिने काय करता येईल हे विचारतो. एकाने जी लाठी निर्दोष ठरविली, तिच्यावर दुसऱ्याने बंदी घालावी, हे त्यामुळेच घडते. बाळगणारी व्यक्ती भेदरलेली परिचारिका आहे की मुरलेला गुंड, हे यांपैकी कोणीच प्रथम विचारीत नाही.

आणि तरीही आत्मरक्षणाच्या हक्काविषयी आपला कायदा कृपण आहे, असे मुळीच म्हणता येणार नाही. १८६० च्या दंडसंहितेतील ९६ ते १०६ ही कलमे, जी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली, फार उदार आहेत. बलात्काराच्या उद्देशाने हल्ला झाल्यास प्रतिकारात हल्लेखोराचा प्राण गेला तरी ती हत्या गुन्हा ठरत नाही; तीव्र आम्ल फेकण्याच्या प्रसंगाची त्यात १९१३ मध्ये नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१३ मध्ये भर पडली. अर्थात मर्यादा आहेत. पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. परंतु खरी मेख निराळीच आहे. हा हक्क सुरू होतो तो संकटाची वाजवी भीती उत्पन्न झाल्या क्षणी. त्या क्षणापूर्वीच्या तयारीविषयी ही कलमे मौन पाळतात. संकटसमयी एखादीने फळवाल्याच्या गाडीवरील सुरी उचलून वार केला, तर कायदा तिच्या पाठीशी उभा राहील. तीच स्त्री तासाभरापूर्वी दिल्लीच्या रस्त्यावर बटनाचा चाकू पिशवीत घालून निघाली असेल, तर ती आरोपी.

हा विरोध अनवधानाने राहिलेला नाही. ब्रिटिशांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने लोकांना निःशस्त्र केले याचा राग देशात दीर्घकाळ धुमसत होता, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पुढे १९४८ च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत यावा म्हणून घटना समितीत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क मिळाला तो 'शांततेने व विनाशस्त्र'. आणि २५ व्या अनुच्छेदात शिखांच्या कृपाणाचा जो स्वीकार झाला, तो आत्मरक्षणाच्या नव्हे, धर्माच्या अधिकाराने.

यावर कोणी इंग्लंडकडे बोट दाखवील. तेथील १९८८ चा कायदा रास्त कारणाची सबब ऐकून घेतो, आणि ३ इंचांपर्यंतच्या धारेचा साधा घडीचा चाकू बाळगू देतो. पण 'रस्ते असुरक्षित आहेत' एवढी सर्वसाधारण भीती तेथील न्यायालयांना सहसा पुरत नाही. अमुक एका आणि नजीकच्या धोक्याचा पुरावा त्यांना लागतो.

आपल्याकडे तेवढी सबब मांडण्याची सोयही कायद्याच्या शब्दांत स्पष्ट नाही, आणि ही उणीव खरोखर बोचणारी आहे. झडतीत सुरी सापडली म्हणजे शिपाई विचारतो, ही कशासाठी? 'फळे कापण्यासाठी' असे उत्तर देणारी सुटण्याचा संभव अधिक. 'भीती वाटते म्हणून' असे खरे सांगणारी मात्र आपल्याच तोंडाने त्या वस्तूस शस्त्र ठरवून मोकळी होते.