मुखवट्याचा वारस

नागपूरला वारसाचा प्रश्न नवा नाहीं. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघुजी भोसले पुत्राविना निवर्तले. दत्तकाचा हक्क गव्हर्नर जनरल डलहौसीनें मानला नाहीं आणि १८५४ सालीं राज्य खालसा झालें. गादीचा अधिकार रक्तानें येतो कीं स्वीकारानें, या वादाचा निकाल तेव्हां सत्तेनें लावला. न्यायानें लावला असें फारसें कोणी म्हणणार नाहीं. तोच वाद आज मुलांच्या हातांतील रंगीत चित्रकथांत निराळ्या वेषानें उभा आहे. तेथें गादीच्या जागीं मुखवटा आहे आणि कुळाच्या जोडीला कातडीचा रंगहि आहे.

जुन्या वाचकांच्या ओळखीचा मुखवटा वेताळाचा. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं 'फँटम' निर्माण केला आणि १९६४ पासून मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियानें 'इंद्रजाल कॉमिक्स' काढून त्याला भारतांतील घराघरांत पोंचविलें. कथा अशी कीं, समुद्रावरील चाच्यांनीं एका खलाशाला ठार केलें. त्याचा मुलगा परक्या किनाऱ्यास लागला व चाचेगिरीचा नाश करण्याची त्यानें शपथ घेतली. तेव्हांपासून बाप मेला कीं मुलानें तोच पोशाख चढवावयाचा आणि तीच शपथ घ्यावयाची, असा क्रम एकवीस पिढ्या चालला. जंगलांतील लोकांना हा एकच अमर पुरुष वाटतो. खरें पाहतां वेताळ अमर नाहीं, वेताळपण अमर आहे. कल्पना मोठी मनोहर खरी. परंतु चारशे वर्षांच्या त्या परंपरेंत त्या जंगलांतल्या एकाहि काळ्या मुलाच्या अंगावर तो पोशाख चढला नाहीं. गुरान हा मित्र झाला, राखणदार झाला. वारस झाला नाहीं. इंद्रजालच्या संपादकांनीं मूळ कथेंतील 'बेंगाली' या देशाचें 'डेंकाली' केलें, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' केले. नांवें बदललीं, कवटीच्या आसनावरचा पुरुष गोराच राहिला. विशेष हें कीं, सांवळ्या रंगाच्या लक्षावधि भारतीय मुलांना त्यांत कांहीं खटकलें नाहीं. खेळतांना तीं वेताळ होत. गुरान होण्यास मुलें सहसा राजी नसत.

फॉकच्याच १९३४ च्या 'मँड्रेक' कथामालेंत लोथार हा आफ्रिकेंतील राजपुत्र आहे. तो अचाट बळाचा. तरी आरंभीं त्याच्या अंगावर बिबट्याचें कातडें, डोक्यावर तुर्की टोपी आणि तोंडीं मोडकी भाषा. १९६५ सालीं फ्रेड फ्रेडरिक्स हे चित्रकार झाल्यावर त्याचा वेष व बोली सुधारली आणि सेवकाचा सोबती झाला. मात्र कथामालेचें नांव मँड्रेकचेंच राहिलें.

पुढची पायरी अमेरिकेंत चढली गेली. १९६९ सालीं अवतरलेला सॅम विल्सन हा कृष्णवर्णी वीर दीर्घकाळ कॅप्टन अमेरिकेचा साथीदार होता. २०१४ सालीं त्यानें स्वतः ती ढाल हातीं घेतली. तत्पूर्वी, २०११ सालीं, याहून धीट प्रयोग झाला होता. स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनीं १९६२ सालीं निर्मिलेल्या स्पायडरमॅनचा पोशाख सर्वांग झांकतो. वेताळाची हनुवटी तरी दिसते. येथें कातडी तसूभरहि दिसत नाहीं. मग आंत पीटर पार्कर हा गोरा मुलगाच कां असावा? लेखक ब्रायन बेंडिस व चित्रकर्ती सारा पिचेली यांच्या कथेंत पीटरच्या मृत्यूनंतर माइल्स मोरालेस तो वेष घेतो. त्याचा बाप कृष्णवर्णी अमेरिकन, आई पोर्टो रिकोच्या वंशाची.

यावर कित्येक जुन्या वाचकांनीं आक्षेप घेतला कीं, नवा वीर हवा तर नवा घडवावा, जुना कां रंगवावा? हा आक्षेप केवळ द्वेषाचा म्हणून उडवून देणें बरें नव्हे. त्याच्या बाजूचा पुरावा मुंबईच्या भूमीवरच सांपडतो. २००४ सालीं शरद देवराजन, सुरेश सीतारामन व चित्रकार जीवन कांग यांनीं मुंबईचा स्पायडरमॅन रचला. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मेची माया, मेरी जेनची मीरा जैन. वीराला धोतर नेसविलें आणि शक्ति योग्याकडून देवविली. परंतु घटनांचा सांगाडा बहुतांशीं पीटरचाच राहिला. हा वारस नव्हे, ही नक्कल. उलट आबिद सुरती यांनीं १९७६ सालीं इंद्रजालच्याच पानांवर 'बहादूर' आणला. भगवा कुडता व जीन घातलेला हा दरोडेखोराचा मुलगा बापाचा मार्ग टाकून दरोडेखोरांशींच झुंजतो. त्याला कोणाचाहि मुखवटा उसना घ्यावा लागला नाहीं.

तेव्हां कसोटी रंगाची नव्हे, तशीच वेषाचीहि नव्हे. नव्या वीराला स्वतःचें घर, स्वतःचें भय आणि स्वतःचें कर्तव्य मिळालें कीं नाहीं, हें पाहावयाचें. माइल्सला तें मिळालें. म्हणून तो वारस ठरला. पवित्रला आरंभीं तें मिळालें नाहीं. २०२३ च्या चित्रपटांत त्याला स्वतःचा स्वभाव व बोलणें लाभलें, तेव्हां तो जगभर प्रिय झाला.

हा प्रश्न परदेशी पुस्तकांपुरता आहे असें मात्र समजूं नये. शाळेच्या स्नेहसंमेलनांत रामाचें काम गोऱ्या मुलाला आणि राक्षसाचें सांवळ्याला, ही वांटणी अनेक ठिकाणीं कोणी न सांगतांच होते. राम स्वतः मेघश्याम होता, हें त्या वेळीं कोणाला आठवत नाहीं. राक्षसाचें काम केलेला मुलगा टाळ्या घेऊन घरीं येतो. पण आपल्या चेहऱ्याला कोणता वेष शोभतो, हें त्याला त्या दिवशीं कळलेलें असतें. त्याच्या हातीं जर असें एखादें पुस्तक पडलें, कीं ज्यांत मुखवट्याआड त्याच्यासारखा चेहरा आहे, तर ती शिकवण पुसली जाण्यास आरंभ होईल. वडीलधाऱ्यांनीं असें पुस्तक घरांत येऊं द्यावें, आणि पुढच्या संमेलनांत रामाचें काम कोणाला मिळतें इकडेहि लक्ष ठेवावें.