नकाशा हिरवा दिसला, तरी विचारूनच उडवा

(प्रभागसंघाच्या सभेत आपल्या एका ड्रोन दीदीने केलेलं भाषण. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



ड्रोन कसा उडवायचा, एकरी किती पैसे मिळतात, हे मला सगळ्या जणी विचारतात. कुठे उडवायचा नाही, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज तेच सांगते. आणि सुरुवात शेतातून नाही, बोरीवलीपासून करते.

बोरीवली काही आपल्याला परकी नाही. डहाणूच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे उतरतात. माझे धाकटे दीर तिथेच राहतात. त्यांच्या मुलीच्या हळदीला आम्ही सगळे गेलो होतो. इमारतीच्या गच्चीवर मांडव. पुतण्याने मित्राचा छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन आणलेला. म्हणाला, "काकी, तू तर सरकारी पायलट! तूच उडव, वरून मस्त शूटिंग येईल." दीर म्हणाले, "वहिनी, पाच मिनिटांचं तर काम."

मी हातात घेतला नाही. का, ते ऐका.

ड्रोनसाठी आपल्या देशात 2021 चे ड्रोन नियम आहेत. त्यात आकाशाचे तीन रंग केलेत. हिरवा, पिवळा आणि लाल. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावर नकाशा आहे, मोबाइलवरही दिसतो.

हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 120 मीटरपर्यंत, विमान खात्याची वेगळी परवानगी लागत नाही. त्याच्या वर गेलात की तेच आकाश पिवळं होतं. पिवळ्यात उडवायचं तर हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच.

विमानतळाजवळ मोजमाप अजून कडक. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं आकाश फक्त 200 फुटांपर्यंत. 8 किलोमीटरच्या आत आलात की परवानगीशिवाय उडवायचाच नाही. कारण उतरणारं विमान तिथे खाली आलेलं असतं.

आता बोरीवली बघा. मुंबईच्या विमानतळापासून बोरीवली स्टेशन 12 किलोमीटरच्या पलीकडे आहे. पुतण्याने तेच दाखवलं. "काकी, आपण लांब आहोत, चालतंय." पण नुसतं विमानतळाचं अंतर मोजून भागत नाही. शेजारी कांदिवलीला लष्कराचं भांडार आहे, मालाडला नौदलाचा तळ आहे. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय चालत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुंबई पोलीस सुरक्षेसाठी ड्रोनवर वेळोवेळी मनाई आदेश काढतात. एकाची मुदत संपली की बऱ्याचदा दुसरा निघतो. आदेश मोडला तर गुन्हा दाखल होतो. तिथे "ड्रोन छोटा होता" किंवा "घरचं लग्न होतं" हे चालत नाही.

मी दिरांना म्हटलं, "भावजी, आधी पोलीस ठाण्यात विचारू." दोघं जाऊन आलो. मनाई चालूच होती. पुतणी रुसली, जाऊबाई म्हणाल्या, "एवढं काय त्यात?" मला वाईट वाटलं, पण ड्रोन डब्यातच राहिला.

तायांनो, त्यात एवढं काय होतं ते तुम्हाला सांगते. प्रमाणपत्र माझ्या नावावर आहे, पण ते माझ्या एकटीचं नाही. नमो ड्रोन दीदी योजनेत ड्रोनच्या खर्चाचा 80 टक्के भाग, जास्तीत जास्त 8 लाख रुपये, सरकार देतं. उरलेल्याचं कर्ज गटाच्या नावावर असतं. 15 दिवसांचं प्रशिक्षण मिळतं ते गटातल्या एकीला. नियम मोडले तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. ऐन हंगामात ते गेलं तर ड्रोन घरात, हप्ता मात्र चालू. पाच मिनिटांच्या शूटिंगसाठी दहा बायकांचा हंगाम मी पणाला कशी लावू?

आता आपल्या शिवाराकडे या. आपला फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वरून जातो. त्यामुळे उंचीची अडचण आपल्याला येत नाही, जागेची येते. विमानतळ, लष्करी जागा, तारापूरसारखं अणुऊर्जा केंद्र, यांच्या आसपासचं शेत असेल तर शेतकऱ्याला होकार देण्याआधी नकाशा बघायचा.

आणि कालचा नकाशा आज चालत नाही. मंत्र्यांचा दौरा असो, मोठी यात्रा असो, राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतात, एका वेळी 96 तासांपर्यंत. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी नकाशा बघणं पायलटवर बंधनकारकच आहे. माझी सवय सांगते. औषध कालवायच्या आधी नकाशा बघायचा. एकदा कालवलेलं औषध ठेवता येत नाही, आणि मग शेतकरीही म्हणतो, "ताई, आता मारूनच टाका." त्या वेळी नाही म्हणणं फार जड जातं.

एवढं वहीत लिहून घ्या. उड्डाणाआधी नकाशा बघा. स्थानिक मनाई आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा. ड्रोनचा नोंदणी क्रमांक, प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद सोबत ठेवा. दिवस, शेत आणि नकाशाचा रंग रजिस्टरला लिहा, उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतं. आणि शंका आली तर त्या दिवशी उडवू नका.

लग्नाचे फोटो शेवटी जिन्याच्या टाकीवर चढून पुतण्याने मोबाइलने काढले. छान आलेत. पुतणीने परवा मला पाठवले आणि खाली लिहिलं, "काकी, तुझं बरोबर होतं." माझा राग गेला, तिचाही गेला. आणि आपला ड्रोन यंदाच्या भाताला तयार आहे.