दुकानाच्या माडीवरील बारा तरुण

नोकरीसाठीं परगांवाहून मुंबईस आलेला तरुण आपल्या सर्वांच्याच ओळखीचा आहे. खानावळीचें जेवण, एका खोलींत दाटीनें पसरलेल्या पथाऱ्या, आणि काम सुटल्यावर संध्याकाळीं जावें कोठें, हा रोजचा प्रश्न! ज्या संस्थेचा वृत्तान्त मी आज आपणांपुढें सांगणार आहें, ती अशाच प्रश्नांतून जन्मास आली. मात्र मुंबईंत नव्हे, लंडन शहरांत. तिचें नांव यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन. सारें जग तिला वाय्. एम्. सी. ए. या आद्याक्षरांनींच ओळखतें.

सन १८४१ मध्यें जॉर्ज विल्यम्स नांवाचा शेतकऱ्याचा मुलगा सॉमरसेट परगण्यांतून लंडनला आला आणि सेंट पॉलच्या भव्य प्रार्थनामंदिरानजीक हिचकॉक व रॉजर्स यांच्या कापडाच्या दुकानांत नोकरीस राहिला. वय अवघें वीस वर्षांचें. त्या काळीं अशा दुकानांतील नोकरांना बहुधा दुकानाच्या माडीवरच राहावें लागे. दिवसाचे बारा-चौदा तास गिऱ्हाइकांपुढें उभ्यानें काढावयाचे आणि रात्रीं दाटीवाटीच्या खोलींत अंग टाकावयाचें. करमणुकीस जवळ काय, तर दारूचे गुत्ते आणि त्याहूनहि हीन अशीं ठिकाणें. विल्यम्सनें प्रथम एकदोन सोबत्यांसह आपल्या खोलींत प्रार्थना आणि बायबलचें वाचन सुरू केलें. पुढें ता. ६ जून १८४४ रोजीं त्याच माडीवर बारा तरुण जमले आणि त्यांनीं या मंडळाची स्थापना केली.

हे बारा जण एका पंथाचे नव्हते. कोणी राजमान्य चर्चचा, कोणी बॅप्टिस्ट, तर कोणी मेथॉडिस्ट. तत्कालीन इंग्लंडांत या पंथांमधील अंतर कांहीं लहान नव्हतें. तरीहि त्यांनीं एकमेकांसाठीं दार उघडलें. दुकानाचे धनी हिचकॉक स्वतः मंडळाचे खजिनदार झाले. पुढें विल्यम्स त्यांचा जांवई आणि भागीदारहि झाला. सन १८९४ मध्यें त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि १९०५ मध्यें तो निवर्तला तेव्हां ज्या सेंट पॉलच्या सावलींत त्यानें कापड विकलें, त्याच मंदिरांत त्याला चिरविश्रांति मिळाली.

ही कल्पना लौकरच समुद्रापार गेली. सन १८५१ मध्यें माँट्रिऑल व बॉस्टन येथें शाखा निघाल्या. १८५५ मध्यें पॅरिस येथें निरनिराळ्या देशांतील शाखांचे प्रतिनिधि एकत्र आले आणि येशू ख्रिस्तास तारक मानणाऱ्या तरुणांना एकत्र आणणें हा आपला हेतु त्यांनीं शब्दबद्ध केला. या ऐक्यासाठीं झटणाऱ्यांमध्यें जिनिव्हाचा आंरी ड्यूनां होता. रेड क्रॉसच्या जन्माशीं ज्याचें नांव कायमचें जोडलें गेलें, तोच हा गृहस्थ.

प्रार्थना, व्याख्यानें व वाचनालय यांच्या जोडीला व्यायामशाळा आली, ती मुख्यतः अमेरिकेंत. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें संस्थेचे कार्यकर्ते तयार करणारें विद्यालय होतें. तेथील जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढें सन १८९१ च्या हिंवाळ्यांत एक पेंच पडला. बाहेर बर्फ, आंत कवाइतीला कंटाळलेले विद्यार्थी! त्यानें सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि बास्केटबॉल हा खेळ जन्मास आला. टोपल्यांना बूड असल्यानें प्रत्येक गोलनंतर चेंडू वर चढून काढावा लागे! चार वर्षांनीं, होलिओक येथील शाखेंत, विल्यम मॉर्गन यानें व्हॉलीबॉलची योजना केली.

परंतु याच अमेरिकेंत हें दार सर्वांना सारखें उघडें नव्हतें. नीग्रो तरुणांना गोऱ्यांच्या शाखांत थारा नसे. तेव्हां १८५३ मध्यें वॉशिंग्टन येथें अँथनी बोवेन यानें आपल्या बांधवांकरितां निराळी शाखा काढली. हा बोवेन स्वतः एके काळीं गुलाम होता. वर्णभेद सोडण्याचा ठराव तेथील राष्ट्रीय मंडळानें केला तो १९४६ मध्यें, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनंतर! बंधुभावाच्या नांवानें निघालेल्या संस्थेला हा इतिहास विसरतां येणार नाहीं.

आपल्या देशांत कलकत्त्यास १८५७ मध्यें आणि मुंबईस १८७५ मध्यें शाखा निघाली. संस्थेचा हेतु उघडउघड ख्रिस्ती असल्यामुळें, खेळाच्या वाटेनें धर्मप्रसार तर होणार नाहींना, अशी शंका हिंदु वा मुसलमान आईबापांनीं घेतली असल्यास ती अस्वाभाविक म्हणतां येत नाहीं. तरीहि तिच्या क्रीडांगणांवर आणि वाचनालयांत सर्व धर्मांचे तरुण येत गेले. १९१६ मध्यें के. टी. पॉल हे राष्ट्रीय सरचिटणीसपदीं आलेले पहिले भारतीय. १९२० मध्यें हॅरी बक यांनीं मद्रासेंत शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें; तेथून शिकून निघालेल्या व्यायामशिक्षकांनीं देशभरच्या शाळांचीं मैदानें जागतीं केलीं. शाळेंत आपण व्हॉलीबॉल खेळलों असूं, तर त्या माडीवरील बारा तरुणांचें थोडेंसें ऋण आपल्याहि माथीं आहे.

आज १२० हून अधिक देशांत या संस्थेचें कार्य चालतें. परंतु तिची परीक्षा देशांच्या संख्येवरून होऊं नये, असें मला वाटतें. परक्या शहरांत एकटा पडलेला तरुण संध्याकाळीं दाराशीं आला, तेव्हां त्याला प्रथम त्याची जात, वर्ण व धर्म विचारला कीं बसावयास जागा दिली, एवढेंच पाहावें. आणि श्रोतेहो, हाच प्रश्न आपल्या गल्लींतील वाचनालयाला, तालमीला आणि गणेशोत्सवाच्या मंडळालाहि आपण विचारावा. परगांवाहून आलेला तो मुलगा आजहि कोठें तरी आपल्याच आळींत राहतो आहे.